आईचा हक्क आणि पात्रतेची चाळण

कारखान्यात, गोदामात, घरकामाला किंवा शेतात राबणारी बाई बाळंत झाली, तर ती जितके दिवस कामावर जात नाही तितक्या दिवसांचे पोट कोणी भरायचे? प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागले की माणूस कायद्यांच्या रानात शिरतो. तेथे जो तो एकच शब्द ऐकवतो : पात्रता. "तुम्ही पात्र नाही" हे वाक्य आम्ही गेली अनेक वर्षे इतक्या टेबलांवर ऐकले आहे, की पात्र म्हणजे काय आणि अपात्र कोण ठरवतो, याचा एकदा नीट उलगडा जाहीरपणे करावा असे वाटले. आम्ही वकील नव्हे, पदवीधरही नव्हे. कायद्याची पुस्तके आम्ही वाचली ती गरजेपोटी, एकेका बाईचे प्रकरण हातात घेऊन. तेव्हा भाषा पंडिती नसेल. मात्र हिशेब पक्का असेल.

आमचे गाव कोन. कल्याणचा दुर्गाडी किल्ला मागे टाकून खाडीचा पूल ओलांडला की कल्याण–भिवंडी रस्त्यावर ते लागते. पुढे भिवंडीचे यंत्रमाग, आणि आजूबाजूला कोसाकोसांवर पसरलेली गोदामे. पुरुष माग चालवतात, माल उतरवतात. बाया कांड्या भरतात, गोदामात माल निवडतात, खोक्यांना चिकटपट्ट्या लावतात. ह्या बायांना समोर ठेवूनच आम्ही नियम समजावून सांगणार आहोत. कारण नियमाची खरी परीक्षा तो सर्वांत दुबळ्या माणसाच्या उपयोगी पडतो की नाही, ह्यातच असते.

प्रथम थोडा इतिहास सांगितला पाहिजे. बाळंतपणात मजूर बाईला मदत मिळावी ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत १८८३ साली कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा झाला, त्यातच बाळंतिणीसाठी तीन आठवड्यांच्या मदतीची सोय होती. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. कामगार स्त्रीला बाळंतपणासाठी बारा आठवड्यांची रजा व त्या काळात निर्वाहाची रक्कम मिळावी, असा ठराव तेथे झाला. त्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपल्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे ना. म. जोशी गेले होते. ह्याच जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. पण विचार मेला नाही. मुंबई कायदे कौंसिलात रावसाहेब आसवले ह्यांनी तसेच विधेयक आणले. १९२८ साली त्यावरील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी व नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून ह्या खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलला पाहिजे. पण सरकार तो उचलत नाही तोवर, जो मालक तिच्या श्रमाचा फायदा घेतो त्याने तो सोसावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. गिरणीतल्या बाईला दिवसाला आठ आणे ठरले. आज आठ आणे ऐकून हसू येते. पण "बाळंतपण हे तिचे खासगी दुखणे" ही समजूत त्या आठ आण्यांनी मोडली.

बाबासाहेबांच्या त्या युक्तिवादात दोन देणेकरी आहेत, मालक आणि सरकार. पुढच्या जवळजवळ शंभर वर्षांतील कायदे ह्या दोघांत ओझे कसे वाटावे, ह्याचीच कहाणी होय. आज आईला पैसे मिळण्याची तीन दारे आहेत : पहिले मालकाचे, दुसरे विम्याचे, तिसरे सरकारी तिजोरीचे. प्रत्येक दाराला निराळे कुलूप आहे, आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. बाई चुकीच्या दारावर उभी राहते आणि रिकाम्या हाताने परतते, हे नेहमीचे आहे. म्हणून एकेक दार पाहू.

पहिले दार मालकाचे. १९६१ सालचा मातृत्व लाभ कायदा हा त्याचा पाया. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. नाव पालटले, तरी आईसंबंधीचे मुख्य नियम तेच राहिले आहेत. कारखाना, खाण आणि मळा ह्यांना हे नियम लागू आहेतच. शिवाय ज्या दुकानात किंवा आस्थापनेत मागील बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी दहा वा अधिक माणसे कामाला होती, तेथेही ते लागू होतात. "एखाद्या दिवशी जरी" हे शब्द ध्यानात ठेवा. आज आठच माणसे आहेत असे मालक म्हणत असेल, तर गेल्या दिवाळीच्या घाईत किती होती, असे त्याला विचारावे.

बाईची पात्रता एकाच अटीवर आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत तिने त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम केलेले असावे. पूर्वी ही अट १६० दिवसांची होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती निम्मी झाली. ले-ऑफचे दिवस आणि पगारी सुट्ट्यासुद्धा ह्या ८० मध्ये धरल्या जातात. म्हणजे महिन्याला २६ दिवस भरणारी बाई साडेतीन महिन्यांच्या आत पात्र होते. "कायम असशील तरच मिळेल" असे जे सांगितले जाते, त्याला कायद्यात आधार नाही. दिल्ली महापालिकेतील हजेरीपटावरच्या रोजंदार बायांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केले, की रोजंदार बाईलाही हा हक्क आहे. कायद्याचा शब्द 'स्त्री' असा आहे. त्यात लग्नाचा दाखला मागितलेला नाही, आणि बाईचा प्रांतही विचारलेला नाही.

मिळते किती? २०१७ पर्यंत बारा आठवडे होते. १ एप्रिल २०१७ पासून ते २६ झाले. त्यांपैकी आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. ज्या बाईला दोन वा अधिक हयात अपत्ये आहेत, तिला बारा आठवडे मिळतात. येथे एक गैरसमज खोडला पाहिजे. "तिसऱ्या मुलाला काहीच नाही" असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. तिसऱ्या खेपेला रजा कमी होते, नाहीशी होत नाही. गर्भपात झाल्यास सहा आठवडे आहेत.

रोज किती धरायचा? कामावर न येण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष कामाच्या दिवसांचा जो सरासरी रोज पडला, तो. आणि आठवड्याचे दिवस सहा की सात? कोइमतूरकडच्या मळ्यावरील एका मजूर बाईच्या खटल्यात हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७७ साली निकाल लागला, की रविवार धरूनच हिशेब करावा. आता मांडणी करू. बाईचा रोज ४०० रुपये असेल, तर २६ आठवड्यांचे १८२ दिवस, आणि १८२ गुणिले ४०० म्हणजे ७२,८०० रुपये. हा आकडा मनात ठेवा. पुढे त्याची गाठ दुसऱ्या एका आकड्याशी पडणार आहे.

मालकाला आगाऊ सूचना द्यावी असा नियम आहे. पण सूचना दिली नाही एवढ्यावरून हक्क बुडत नाही. रजेवर असताना बाईला कामावरून काढणे बेकायदा आहे, आणि गरोदरपणी काढून टाकले तरी रकमेवरचा तिचा हक्क सामान्यतः शाबूत राहतो.

दुसरे दार विम्याचे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने ते उघडले. लोक त्याला 'ईएसआय' म्हणतात. येथे मालक व कामगार दोघे वर्गणी भरतात. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का अशी ठरली. ज्याचा पगार ठराविक मर्यादेच्या आत, तोच विमेदार; २०१७ साली ही मर्यादा महिना २१,००० रुपये करण्यात आली. बाई विमेदार असेल, तर तिला मालकाच्या दाराशी जावे लागत नाही. विमा महामंडळ पूर्ण सरासरी रोजाने २६ आठवड्यांची रक्कम देते. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मूळ मालकावर ती जबाबदारी येते, हेही लक्षात ठेवावे.

पण कुलूप जरा अवघड आहे. दोन लगतच्या सहामाही वर्गणी-काळांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. वर्गणीच्या सहामाही दोन : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. आणि प्रत्येक सहामाहीचे फळ तीन महिने थांबून मिळते. समजा, बाई मार्चमध्ये बाळंत होणार आहे. तिच्यासाठी लगतच्या सप्टेंबरला संपलेली सहामाही आणि तिच्या आधीची सहामाही मोजली जाईल. ऑक्टोबरनंतर भरलेली वर्गणी मोजली जाणार नाही. ती बाई जूनमध्ये कामाला लागली असेल, तर सप्टेंबरअखेर तिचे सुमारे शंभर दिवस भरले, ती पात्र. ऑगस्टच्या मध्याला लागली असेल, तर चाळीसच्या आसपास भरले. ती अपात्र, जरी मार्चपर्यंत तिने सात महिने वर्गणी दिलेली असली तरी!

मग त्या दुसऱ्या बाईने कपाळाला हात लावून बसायचे काय? नाही. येथेच कायद्यातला फार मोलाचा पण फार थोड्यांना ठाऊक असलेला नियम कामी येतो. विमा लागू असला, तरी बाई विम्याकडून लाभास पात्र होईपर्यंत मालकावरची जबाबदारी कायम राहते. म्हणजे विम्याचे दार बंद असेल तर ८० दिवसांच्या अटीवर पहिले दार तिच्यासाठी उघडे आहे. "तुझा विमा आहे, मी काही देणे लागत नाही" असे म्हणणाऱ्या मालकाला हा नियम शांतपणे दाखवावा. आरडाओरड्यापेक्षा नियमाचा कागद अधिक ऐकला जातो, असा आमचा अनुभव आहे.

तिसरे दार सरकारी तिजोरीचे. जिच्या पाठीशी मालकही नाही आणि विमाही नाही, अशा बाईसाठी ते आहे. २०१० साली इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना काही निवडक जिल्ह्यांत सुरू झाली. रक्कम ४,००० रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क लिहून दिला. सरकारी नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्याने असाच लाभ घेणाऱ्या बाया तेवढ्या वगळल्या. त्यानंतर १ जानेवारी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना देशभर आली. तिने काय केले? पहिल्या हयात अपत्यापुरतेच आणि ५,००० रुपये ठरवले. कायदा म्हणतो 'प्रत्येक माता' आणि योजना म्हणते 'पहिलटकरीण'. १ एप्रिल २०२२ पासून नियम सुधारले; दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी मिळू लागले. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे हा हेतू चांगला आहे. पण बाळंतिणीची झीज मूल मुलगा आहे की मुलगी हे पाहून होत नाही, एवढे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

ह्या योजनेच्या अटी अशा. पहिल्या अपत्याचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की ३,०००. बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की २,०००. पात्रतेसाठी बाई ठराविक गटांपैकी एका तरी गटात बसली पाहिजे : अनुसूचित जाती किंवा जमाती, ४० टक्के वा अधिक अपंगत्व, दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका, ई-श्रम कार्ड, आयुष्मान भारतची लाभार्थी, शेतकरी सन्मान निधीची लाभार्थी, अंगणवाडी किंवा आशा कार्यकर्ती, अथवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांहून कमी, असे ते गट. हे सारे दाखले हवेत असे नाही, एक पुरे. पैसे बाईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. पूर्वी नवऱ्याचे आधार कार्ड मागत. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढून टाकली, म्हणून टाकलेल्या किंवा एकट्या बाईचाही मार्ग मोकळा झाला. अर्जाला मुदत आहे. पहिल्या अपत्यासाठी शेवटच्या पाळीच्या तारखेपासून ५७० दिवस, आणि दुसऱ्या मुलीसाठी तिच्या जन्मापासून २७० दिवस. योजना केंद्राची आहे. महाराष्ट्राचा अधिवास ही तिची अट नाही. उत्तर प्रदेशातून किंवा तेलंगणातून आलेल्या मागवाल्याच्या बायकोने आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत जाऊन नाव नोंदवावे. त्यासाठी गावी धाव घेण्याचे कारण नाही.

ह्या तीन दारांखेरीज काही खिडक्या आहेत. २००५ पासूनच्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या मातेला दवाखान्यात बाळंत झाल्यास ग्रामीण भागात ७०० व शहरात ६०० रुपये ठरले. राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने नोंदीत कामगार बाईला, किंवा नोंदीत कामगाराच्या बायकोला, पहिल्या दोन अपत्यांपर्यंत साध्या बाळंतपणासाठी १५,००० व शस्त्रक्रियेसाठी २०,००० रुपये ठरवले. नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी 'लेक लाडकी' योजना आहे. तीत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबातील मुलीला जन्मापासून अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळावयाचे आहेत. येथे मात्र महाराष्ट्रातील रहिवास लागतो. आणि बापाचे काय? केंद्र सरकारच्या नोकराला १९९७ पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. मागावरच्या बापासाठी ह्या तिन्ही दारांत कोठेही जागा केलेली नाही. बारशाला हजर राहायचे तर खाडा पडतो.

आता ते दोन आकडे शेजारी ठेवू. पहिल्या दाराने जाणारी बाई ७२,८०० रुपये घेते. तिसऱ्या दाराने जाणारी ५,००० घेते. तेच १८२ दिवस धरले, तर रोजाला सुमारे साडेसत्तावीस रुपये पडतात. दोघींची कंबर सारखीच दुखते, दोघींचे मूल सारखेच रडते. फरक एवढाच, की एकीचे नाव हजेरीपटावर आहे आणि दुसरीचे नाही. तात्पर्य, पात्रतेचा खरा प्रश्न गरिबीचा नसून कागदाचा आहे. ज्या शेडमध्ये बारा माणसे राबतात ती कागदावर दोन नावांनी सहा-सहा दाखवली, की दहाचा आकडा चुकतो. ज्या गोदामात ठेकेदार दर दोन महिन्यांनी नव्या नावाने पट उघडतो, तेथे बाईचे ८० दिवस कधी भरतच नाहीत. कांड्या घरी नेऊन भरणारी बाई तर कोणाचीच कामगार नसते! ह्या बाया नियमांत बसत नाहीत असे म्हणण्यापेक्षा त्यांना नियमांबाहेर बसवले जाते असे म्हणणे अधिक खरे होईल.

येथे मालकांची एक तक्रार प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. ते म्हणतात, २६ आठवड्यांचा सारा पगार एकट्या मालकाने द्यायचा, तर लहान कारखानदार बाईला कामावर ठेवीलच कशाला? ही तक्रार अगदीच खोटी नाही. जो कायदा सारे ओझे एकाच खांद्यावर टाकतो, तो त्या खांद्याला अंग चोरायला शिकवतो. आणि अंग चोरण्याचा सोपा मार्ग म्हणजे बाईला कामच न देणे. म्हणूनच विम्याची पद्धत आम्हांस सरस वाटते. तेथे पन्नास पुरुष कामाला ठेवणारा मालकही वर्गणी भरतो आणि पन्नास बाया ठेवणाराही. मग बाईला नाकारून कोणाचा पैसा वाचत नाही. आणि जिला मालक नाही तिची वर्गणी सरकारने भरावी. इंग्लंडात १९४५ साली कुटुंबभत्त्याचा कायदा झाला. दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग सरकारी खजिन्यातून, तेही आईच्या हातात, असे ठरले. तेथे कोणी हजेरीपट मागितला नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली सरकारचा जो वाटा सांगितला होता, तो आपल्याकडे अजून पुरता आलेला नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. त्यासाठी संघटना आहे, सभा आहेत, निवडणुका आहेत. पण ज्या बाईला पुढल्या महिन्यात बाळंत व्हायचे आहे, तिला कायदा बदलण्याची वाट पाहता येत नाही. तिच्यासाठी आमचे सांगणे थोडके आहे. कामाला लागल्या दिवसापासून हजेरीचा काही ना काही पुरावा जवळ ठेवावा. पगाराची चिठ्ठी, गेटपास, खात्यात जमा झालेला पगार, काहीही चालेल. दिवस राहिल्याचे कळताच आरोग्य केंद्रात नोंद करून माता-बाल कार्ड घ्यावे, कारण तिसऱ्या दाराची पहिली किल्ली तीच आहे. बँकेचे खाते स्वतःच्या नावाचे असावे. आणि कोणी "तू पात्र नाहीस" असे तोंडी सांगितले, तर कोणत्या नियमाने, ते लिहून मागावे. लेखी नकार देताना कारण द्यावे लागते, आणि कारण कागदावर आले की त्याला उत्तर देता येते. ज्यांच्या घरी अशी बाई कामाला येते, ज्यांच्या शेजारी अशी सून आहे, त्या श्रोत्यांनी एवढे तिच्या कानावर घातले, तरी ह्या व्याख्यानासाठी मोडलेली संध्याकाळ वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.